सगुणाबाई आणि निळं प्लॅस्टिक

सकाळी साडेआठ वाजता सगुणाबाईंनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या उतरवून जेवणाच्या डब्याच्या रिकाम्या कप्प्यात ठेवल्या, अंगात डगला चढवला, रंगाची गन उचलली, आणि ती तशीच जमिनीवर आपटावी असं त्यांच्या मनात आलं. आपटली नाही. गनचा त्यात काय दोष? दोष होता तो गनच्या मुठीवर चढलेल्या प्लॅस्टिकचा.

काल त्यांनी ते नखांनी ओरबाडून काढलं होतं. परवा दातांनी काढलं होतं. आणि आज पाहतात तर मूठ पुन्हा गुंडाळलेली, तीही कशी, एक सुरकुती नाही! नव्या नवरीला शालू नेसवावा तशी. हे हात कुणाचे, ते ओळखायला पोलीस नको होते. कामगार घरी गेले की कारखान्याचे मालक, सुधीर प्रधान, मागे थांबत आणि आपल्या हातांनी हा शृंगार करत.

"पोपट, बग रं, बग! ह्या मानसाला दुसरा कामधंदा नाय काय?"

पोपट म्हणजे सगुणाबाईंचा धाकटा दीर. तो पलंगांच्या चौकटी आकड्यांना लटकवत होता. त्यानं मान वळवली नाही. "वहिनी, शेठचा कारखाना, शेठची गन, शेठचं प्लॅस्टिक. तुमचं काय जातंय?"

"माझा जीव जातंय. आनि तुझापन."

पोपट हसला. तो सगळ्यालाच हसतो, म्हणून त्याला कुणी बोलायचं नाही असा घरातला ठराव आहे.

मानपाड्याच्या एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये हॉस्पिटलचे पलंग आणि खुर्च्या रंगवून मिळतात. गेली एकोणीस वर्षं तिथली रंगाची गन सगुणाबाईंच्या हातात आहे. वय एक्कावन्न, बांधा ठेंगणा, आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्याचीही तक्रार येऊ नये. त्यांना काम करायची गरज आहे का? मुळीच नाही. सासरच्या भातशेतीवर आता बावीस मजली इमारती उभ्या आहेत आणि त्यांतले तीन फ्लॅट त्यांच्या घरचे आहेत. प्रधानशेठ स्वतः डोंबिवलीत दोन खोल्या-स्वयंपाकघरात राहतात. गावातल्या बायका हळदीच्या मांडवात सगुणाबाईंना गाठून विचारतात, "गो सगुणा, यवरं सगलं असून तू रंगारीन कशाला झालीस?" सगुणाबाई उत्तर देत नाहीत. कारण उत्तर ऐकायला त्या बायकांनी एकदा गनसमोर उभं राहायला हवं.

ती गोष्टच तशी आहे. साधा फवारा असतो तो नाकासमोर जातो, अर्धा भिंतीवर, अर्धा अंगावर. ही गन रंगाच्या थेंबाथेंबात वीज भरते, हजारो व्होल्टची, आणि समोरचा लोखंडी पाइप जमिनीला तारेनं जोडलेला असतो. मग रंगाला पाइपची ओढ लागते. सगुणाबाई समोरून मारतात आणि रंग वळसा घालून पाइपच्या पाठीला जाऊन बसतो, जिथं कुणाचा हात पोचत नाही तिथं. पहिल्यांदा त्यांनी ते पाहिलं तेव्हा त्या पॅकिंगला होत्या. रंगारी न सांगता गावी निघून गेला होता आणि शेठ डोक्याला हात लावून बसले होते. सगुणाबाईंनी गन उचलली ती उचललीच.

शिकवलं मात्र बाबुरावांनी. बाबुराव कारखान्याचे वायरमन, सरळ तोंडानं कधी न बोलणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी दम भरला होता. "बाई, ही वीज गेली तशी परत जमिनीत आली पाहिजे. वाट मिळाली नाही तर ती तुझ्या अंगात मुक्काम करेल, आणि तू हात लावशील तिथून ठिणगी होऊन बाहेर पडेल. शेजारी थिनरचा डबा असला तर भडका उडेल, मग माझ्याकडे बघू नकोस." म्हणून उघडा तळहात मुठीला टेकलेला हवा. पायाखाली लोखंडी पत्रा हवा, पत्र्याला तार हवी. रबरी चप्पल चालायची नाही. ते स्वतः त्यांना कल्याणच्या मोच्याकडे घेऊन गेले आणि चामडी तळाच्या वहाणा करून आणल्या. पायात पुरुषी वहाणा घालणारी बाई म्हणून गावात पुष्कळ हसं झालं. सगुणाबाईंनी तिसरी जोडी आता झिजवत आणली आहे.

शेडच्या मागे बाबुरावांनी अर्थिंगचा खड्डा खणला, तेव्हा कोळसा आणि मीठ मागवलं. शेठनी किराण्यातून पिशवीबंद बारीक मीठ पाठवलं, स्वच्छ, आयोडीनयुक्त. सगुणाबाई पोट धरून हसल्या. त्यांचे वडील परशुराम ठाण्याच्या खाडीवरच्या मिठागरात उभा जन्म राबले होते. मीठ कशाला म्हणतात हे त्यांना शेठकडून शिकायचं नव्हतं. त्यांनी माहेरच्या ओळखीतून जाडं, करडं, ओलसर मीठ गोणीभर आणून दिलं. तेव्हापासून रोज सकाळी गनला हात लावण्याआधी त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततात. कोरड्या मातीतून वीज नीट जात नाही, हे बाबुरावांनी सांगितलं. ओल्या खाजणातून काय काय जातं, हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

एवढं सगळं एकोणीस वर्षं सुरळीत चाललं आणि फेब्रुवारीत नवी गन आली.

गन उत्तम होती. हलकी, मुठीत बसणारी. तिच्यासोबत उभं राहायला चकचकीत स्टीलचा चौरंगासारखा प्लॅटफॉर्म आला, त्यावर कंपनीनं चिकटवलेला निळा प्लॅस्टिकचा पापुद्रा. तो काढून टाकायचा असतो. पण काढायचा कुणी? सुधीर प्रधानांनी?

हा माणूस वाईट नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. कामगाराच्या घरी आजारपण असलं तर स्वतः डबा घेऊन जाणारा माणूस. पण लहानपणी चाळीत सात जणांत एक नवी वस्तू वर्षा-दोन वर्षांनी यायची, आणि ती नवी राहावी म्हणून सगळं घर श्वास रोखून वावरायचं. ते भय त्यांच्या हाडांत मुरलं. त्यांच्या गाडीच्या सीटवर सात वर्षांनंतरही कंपनीचं प्लॅस्टिक आहे. टीव्हीचा रिमोट पिशवीत, फ्रिजच्या दांडीला कापड. सोफ्यावर प्लॅस्टिक आहे. उन्हाळ्यात पाहुणा उठला की सोफाही थोडा त्याच्यासोबत उठतो. असा माणूस निळा पापुद्रा सोलेल? त्यांनी तो ठेवला, आणि वर रंगाचे शिंतोडे पडू नयेत म्हणून जाड रेक्झिनचा तुकडा मापात कापून अंथरला; गनची मूठही प्लॅस्टिकनं गुंडाळली.

सगुणाबाई पहिल्या दिवशी प्लॅटफॉर्मवर चढल्या, दोन चौकटी रंगवल्या आणि थिनरचा डबा उचलायला वाकल्या. बोट डब्याला टेकायच्या आतच टच्चकन आवाज आला. मोहरीएवढी निळी ठिणगी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. डब्याचं झाकण घट्ट होतं म्हणून निभावलं.

त्या थेट केबिनमध्ये गेल्या.

"शेठ, त्ये प्लॅस्टिक काढा."

"अहो सगुणाबाई, थोडे दिवस राहू द्या. गुरुवारी हॉस्पिटलवाल्यांची माणसं बघायला यायची आहेत. तोपर्यंत नवीन दिसलं पाहिजे."

"मना चटका लागला."

"म्हणूनच तर प्लॅस्टिक बरं!" शेठ समजुतीच्या सुरात म्हणाले. "वायरवर प्लॅस्टिक का असतं? टेस्टरला का असतं? शॉक लागू नये म्हणून. शाळेत शिकलोय आपण."

"तुमी शालेत शिकलात. मी बाबुरावकडं शिकले. ह्या गनला उलटं असतं, शेठ. हिथं मानूस जमिनीला चिकटलेला पायजे."

"मूठ महिन्याभरात काळी होईल हो."

"व्हऊ दे काली! माजे हात काले झाले, त्यांना तुमी प्लॅस्टिक लावलात काय?"

शेठना हसू आलं. तिथंच सगळं बिघडलं. सगुणाबाईंच्या संतापाला लोक हसतात, ही त्यांच्या आयुष्यातली जुनी अडचण. आवाज मोठा असला की लोकांना वाटतं नाटक चाललंय.

मग सुरू झाला रोजचा खेळ. सकाळी त्या सोलत, संध्याकाळी शेठ गुंडाळत. रेक्झिन त्या गुंडाळून कोपऱ्यात फेकत, दुसऱ्या दिवशी ते धुऊन पुसून जागेवर. खालचा निळा पापुद्रा तर असा चिकटला होता की नखं तुटली, पण कोपरासुद्धा उचकटला नाही. पोपटला सांगावं तर तो म्हणे, "मना छान वाटतंय, पाय घसरत नाय." शेवटी त्यांनी टिटवाळ्याला फोन लावला. बाबुराव निवृत्त होऊन तिथं मुलाकडे राहतात.

"प्लॅस्टिक?" बाबुरावांचा आवाज फोनमधून शेडभर झाला. "मुठीवर आणि पायाखाली, दोन्हीकडे? मग मी जमिनीत मीठ कशाला पुरलं, लोणचं घालायला? दे त्या प्रधानाला फोन!"

प्रधानांनी फोन घेतला, "हो बाबुराव, हो बाबुराव" केलं, तब्येतीची चौकशी केली आणि संध्याकाळी मूठ पुन्हा गुंडाळली.

तर बुधवारची ती सकाळ. सगुणाबाईंनी गुंडाळलेली गन स्टँडवर ठेवली आणि हात झाडले.

"मी अशी गन धरनार नाय."

आवाज ऐकून केबिनमधून आलेल्या शेठच्या कपाळावर आठी आली. उद्या पाहुणे यायचे, बारा चौकटी बाकी, आणि ही बाई अडून बसलेली. त्यांचं डोकं तापलं. "नाही ना धरणार? ठीक आहे. पॅकिंगला जा. पोपट मारेल रंग. आणि नेहमीसाठीच मारेल, रोजची ही कटकट मला नको."

पोपटसुद्धा हसला नाही.

सगुणाबाईंनी डगला काढला. बांगड्या हातात चढवल्या. पॅकिंगच्या टेबलावर जाऊन त्या पलंगाच्या पायांना पुठ्ठा बांधू लागल्या, आणि हातातली सुतळी तीनदा निसटली. एकोणीस वर्षं. नवरा सीताराम रिकामा बसून शेती विकून आलेल्या गाडीत फिरायला शिकला, मुलं आपापल्या मार्गाला लागली, शेत गेलं, माहेरचं मिठागर गेलं. ही एक गन त्यांची होती. कुणी दिलेली नाही, कुणाच्या नावावर आलेली नाही.

पलीकडे गन फुसफुसायला लागली. पोपटचा हात त्यांना न बघताही कळत होता. एका जागी जास्त थांबतो, मग घाईनं पळतो. त्याचं त्यांना काही नव्हतं. पण पोपटच्या पायाखाली रेक्झिन होतं, पायात रबरी चप्पल होती आणि डाव्या हाताला थिनरचा डबा होता.

त्या उठल्या, रंग मारायच्या बंदिस्त आडोशात, बूथमध्ये शिरल्या, डबा उचलला आणि बाहेर दारापाशी नेऊन ठेवला.

"वहिनी, मना लागतंय तो. गन पुसायला."

"लागल तवा बाहेर ये. आनि वास बाहेर वढनारा पंखा बंद केलास तर तंगडं मोडीन."

अर्ध्या तासानं पोपटनं डबा आत नेला. त्या पुन्हा उठल्या, पुन्हा बाहेर आणला. जेवणानंतर तिसऱ्यांदा. त्यांचा राग आता रागाच्या पलीकडे गेला होता. एखाद्या घरात नळ गळत असावा आणि घरातल्या कुणालाच ऐकू येऊ नये, तसं त्यांना झालं होतं. ऐकू येत नाही की ऐकायचं नाही? संध्याकाळी घरी जाताना पोपट स्कूटरवर पुढे, त्या मागे. वाटभर त्या त्याच्या पाठीशी बोलत होत्या आणि पाठ "हो, हो" म्हणत होती.

गुरुवारी पाहुणे अकराला यायचे ते शीळफाट्याच्या गर्दीत अडकून साडेबाराला आले. हॉस्पिटलकडून आलेल्या इंजिनिअर बाई वल्लरी आणि त्यांच्यासोबत एक फाईल धरणारे गृहस्थ. शेठनी नवा शर्ट घातला होता. पायात मुलीनं वाढदिवसाला दिलेले जाड रबरी तळाचे बूट होते. बूथपाशी आल्यावर त्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे, त्यांनी पोपटच्या हातून गन घेतली.

"मॅडम, मीच दाखवतो. बघा, रंग कसा मागे वळतो."

सगुणाबाई पॅकिंगच्या टेबलावरून उठल्या. थिनरचा डबा बूथमध्येच होता. सकाळपासून त्यांनी दोनदा बाहेर ठेवला होता, आणि पोपटनं पाहुण्यांसमोर पसारा नको म्हणून तो आत, शेठच्या अगदी पायाशी, नीट लावून ठेवला होता. झाकण सैल.

"सगुणाबाई, आत्ता नको हं," शेठ हसऱ्या चेहऱ्यानं, दातांतून म्हणाले.

त्यांनी ऐकलं नाही. पाहुण्यांच्या मधून, फाईलवाल्याला कोपरानं बाजूला सारून त्या आत गेल्या, डबा उचलून पोटाशी धरला आणि शेडच्या पार दारापर्यंत चालत गेल्या. शेठचा चेहरा लाल झाला होता. वल्लरी कुतूहलानं त्या डब्याकडे बघत राहिल्या.

शेठनी एक चौकट रंगवली. रंग खरोखरच मागे वळला. थोडे ओघळ आले, पण वळला. खूश होऊन त्यांनी गन अडकवली, प्लॅटफॉर्मवरूनच झुकून हात पुढे केला. "कसं वाटलं?"

वल्लरींनी हात पुढे केला.

टच्च! आवाज दारापाशी उभ्या असलेल्या सगुणाबाईंनाही ऐकू आला. दोघांच्या बोटांमध्ये निळी रेघ उमटली आणि विझली. वल्लरींनी हात झटकला. शेठ "आई गं!" म्हणून मागे सरकले ते थेट चौकटीवर, ओल्या रंगासकट.

"सॉरी, सॉरी मॅडम! कसं काय, कळत नाही..."

वल्लरींनी खाली पाहिलं. पायाच्या टोकानं रेक्झिन उचललं. खाली निळा पापुद्रा दिसला. मग त्यांनी गनची मूठ पाहिली.

"हे काढलेलं का नाही?"

"नवीन आहे ना, मॅडम," शेठ म्हणाले. शेडमध्ये कुणाला हसायचं धाडस झालं नाही.

"प्रधानसाहेब, तुम्ही आत्ता स्वतः जमिनीपासून तुटलेले होता. तो डबा तुमच्या पायाशी असता आणि माझ्या हाताऐवजी तुम्ही तो उचलला असता तर आपण हे बोलत नसतो. डबा बाहेर नेला त्या कोण?"

"आमची वहिनी," पोपट म्हणाला. "कालपासून सहा वेला नेला. मीच आत ठेवत होतो."

वल्लरींनी फाईल मिटायला लावली. अर्थिंग तपासून, मीटरचा आकडा लिहून पाठवा, मग पुढचं बघू, असं सांगून त्या निघाल्या. जाताना दारापाशी थांबून सगुणाबाईंना म्हणाल्या, "मावशी, तुम्ही इथं काय काम करता?"

"पॅकिंगला हाय," सगुणाबाई म्हणाल्या.

ते वाक्य शेठना रंगासकट चिकटलं.

पाहुणे गेल्यावर ते पाठीवर हिरवट रंगाचा पट्टा घेऊन पॅकिंगच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. नवा शर्ट गेलाच होता. त्यांनी एक पुठ्ठा उचलला, परत ठेवला.

"सगुणाबाई, पाच चौकटी राहिल्यात."

"पोपट हाय की."

"पोपटला मीच आता गनजवळ जाऊ देणार नाही."

"मना हिथं बरं वाटतंय. पंखा हाय डोक्यावर."

"सगुणाबाई."

"काय?"

"मी चुकलो हो. गन तुमचीच आहे."

सगुणाबाईंनी सुतळीची गाठ मारली, टोक दातानं तोडलं. त्यांना बोलायचं पुष्कळ होतं, पण समोरच्या माणसानं चटका बसलेला हात खिशात लपवला होता.

"त्ये प्लॅस्टिक कोन काढील?"

"तुम्ही काढा. काय हवं ते काढा."

"मी नाय. ज्यानं लावलं त्यानं काढायचं."

शेठ बूथमध्ये गेले. मुठीवरचं निघालं. रेक्झिन निघालं. मग ते गुडघ्यांवर बसून निळ्या पापुद्र्याचा कोपरा शोधू लागले. कोपरा सापडेना. सगुणाबाई त्यांच्या डोक्याशी येऊन उभ्या राहिल्या. एक मिनिट पाहिलं, दोन मिनिटं पाहिलं. शेठ नखाच्या टोकानं असं हळुवार खरवडत होते की जणू खाली कुणी झोपलंय.

"जल्लं मेलं! शेठ, फाडा ना! काय पत्रिकेचं पाकीट उघडताय?"

"ओरखडा पडेल हो."

"पडू दे!"

शेठनी डोळे मिटले आणि ओढलं. चर्र करून पापुद्रा टोकापासून टोकापर्यंत निघाला. खालचं स्टील लख्ख चमकलं. पोपटनं मीटर आणला, एक टोक प्लॅटफॉर्मला, एक अर्थिंगच्या पट्टीला लावलं. काटा वेडावाकडा थरथरला आणि स्थिर झाला. बाबुरावांनी भिंतीवर लिहून ठेवलेल्या आकड्याच्या आत होता.

सगुणाबाईंनी बांगड्या उतरवल्या, डगला चढवला. वहाणांचे तळ फडक्यानं पुसले आणि त्या वर चढल्या. तळहात मुठीवर ठेवला. थंड, उघडी धातूची मूठ. बोटं नीट बसली.

वळून पाहतात तर शेठ निघालेला पापुद्रा मांडीवर घेऊन त्याची चौघडी घालत होते. कडेला कड जुळवून.

"आता त्याची घडी कशाला?"

"असू द्या. लागेल कशालातरी."

सगुणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पोपटकडे पाहिलं. पोपट छताकडे बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. बोलण्यात अर्थ नव्हता. निदान आज तरी.

"पोपट, शेठना बाहेर ने. आनि त्यांचे बूट बदल," त्या म्हणाल्या, आणि चाप ओढला.